सव्वा वर्षाचं लेकरू अजून मिक्सरमधलंच खातंय. घट्ट जेवण आणि चमचा कसा सुरू करावा?

शाळूची_भाकर (लातूर)
नमस्कार मंडळी. मुलगा सव्वा वर्षाचा आहे. वरखाली मिळून सहा दात आहेत, दाढा अजून नाहीत. सहाव्या महिन्यानंतर वरचं खाणं सुरू केलं तेव्हा सगळं मिक्सरमधून काढून द्यायचो, तेच अजून चालू आहे. गुळगुळीत वाटलेला वरणभात वाटीभर खातो. पण त्यात भाताचं एक शीत जरी अख्खं राहिलं तरी जीभ बाहेर काढतो, ओकारी येते आणि मग पुढचं सगळं जेवण बंद. गंमत अशी की अंगणात बसवलं की खडे, माती, चपलेचा पट्टा, सगळं तोंडात चालतं.

सासूबाई म्हणायल्यात, दाढा येऊ दे, मग दे, घशात अडकलं म्हणजे? माझी आई म्हणते, उगं लाड करायलीस, भाकरी चुरून दे. चमचा हातात दिला की वाटीवर वाजवतो, नाहीतर खाली टाकून आमच्याकडं बघतो. जाऊबाईंचा मुलगा शाळेत जातो, तरी त्याला मोबाईल समोर धरून भरवावं लागतं. ती वेळ मला आणायची नाही. तर दाढा नसताना घट्ट चालतं का? आणि चमचा नेमका कधी द्यायचा?

सोयाबीन_कधी_विकू (बीड)
वाचतोय. आमचं कार्टं अकरा महिन्यांचं आहे आणि त्याच वाटेवर आहे.

मांजराकाठ (अंबाजोगाई)
दाढांची वाट अजिबात बघू नका. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात आणि मागच्या तर दोन वर्षांच्या आसपास किंवा पुढेच. तोवर हिरड्या बरंच काम करतात. खात्री नसेल तर त्याच्या तोंडात बोट घालून बघा एकदा.

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट लक्षात आली. त्याला एकच शीत लागलं की ओकारी येते, असं तुम्ही म्हणताय. पातळ पेस्टमध्ये मधेच अख्खा दाणा आला तर लहान लेकरांना सगळ्यात अवघड जातं. पातळ आहे म्हणून ते सरळ गिळायला निघतात आणि मधेच चावायचं काहीतरी सापडतं. त्यामुळे पातळ वरणात शितं घालून सवय लावू नका. सगळाच घास सारखा घट्ट आणि मऊ असू द्या.

आम्ही मिक्सर बंद करून रवी घेतली. मऊ गुरगुट्या भात, वरून घट्ट वरण, तूप, आणि रवीनं घोटायचं. रवीनं सगळं एकसारखं होत नाही, थोडी कणी राहते, तीच हवी असते. ते रुळलं की रवीऐवजी पळीच्या पाठीनं दाबायचं. त्यानंतर हातानं कुस्करायचं. प्रत्येक पायरीला किती दिवस लागतील ते लेकरावर आहे. आमच्या थोरलीनं पटकन उरकलं, धाकट्यानं दम काढला.

आणि याच्या जोडीला, वाटीतल्या जेवणाशी संबंध न ठेवता, ताटात हातात धरायच्या वस्तू ठेवा. उकडलेल्या गाजराची लांब फोड, लाल भोपळा, बटाटा, पिकलं केळ, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, मऊ धिरड्याची पट्टी. सुरुवातीला त्याच्या बोटाएवढ्या लांब फोडी बऱ्या, कारण ती मूठ आवळून धरतात आणि वर निघालेलं टोक चावतात. आठ-दहा महिन्यांनंतर चिमटीत धरता यायला लागतं, मग बारीक तुकडे. तुमचा सव्वा वर्षाचा म्हणजे दोन्ही चालतील.

अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं की चिरडलं पाहिजे, एवढी एकच परीक्षा मी करते. चिरडलं तर हिरडीला झेपतं.

हिंगोलीची_आजी
मला टायपायला येळ लागतो, नातीनं शिकवलंय. अगं पोरी, आमच्या वक्ताला कुठलं मिक्सर. गरम भाकरीचा वरला पातळ पापुद्रा काढायचा, वरणात नाहीतर दुधात भिजू घालायचा, बोटानं कुस्करायचा की झालं. ते पचनी पडलं की मग खालचा जाड पदर. दाढा येईस्तोवर कोण थांबलंय? आम्ही तर आपल्या दातानं चावून लेकराला चारायचो.

अन् ज्वारीच्या कण्या कर. ज्वारी जाडी भरडायची, कोंडा पाखडून काढायचा, कण्या घटकाभर भिजू दे, मग मंद आचेवर गिचका होईस्तोवर शिजव. सकाळी दूध घाल, दुपारी ताक घाल. मिक्सर अन् भात यांच्या मधातली वस्तू आहे ती. तुझ्या सासूलाबी आवडंल, तिच्या आईनं केल्या असत्याल.

सोयाबीन_कधी_विकू (बीड)
आजी, कण्या कुकरला चालतात का? बायको विचारतेय.

हिंगोलीची_आजी
चालत्यात. पाणी चौपट घाल अन् शिट्ट्या जरा जास्त होऊ दे. तळाला लागल्या तर मला बोलू नको.

दवाखान्यातून (परभणी)
मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे सर्वसाधारण बोलतो.

मांजराकाठ यांनी लिहिलंय त्यात बदल सुचवावा असं काही नाही. वेळेबद्दल थोडी भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की गाठी असलेलं, चावावं लागेल असं अन्न दहा महिन्यांच्या पुढे ढकललं तर नंतर खाण्याच्या तक्रारी वाढू शकतात. सहा महिन्यांना पातळसर-घट्ट, आठव्या महिन्याला हातात धरून खाण्याच्या वस्तू, वर्षाला घरातलं सगळ्यांचं जेवण (तिखट बाजूला काढून), असा तो ढोबळ क्रम. शाळूताई, तुमची गाडी थोडी उशिरा सुटलीय. सुटलीच नाही असं नाही, त्यामुळे घाबरू नका. पण अजून वाटही बघू नका.

आता ओकारीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आज्यांची भीती हीच असते. ओकारी येणं आणि घास अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओकारी येते तेव्हा लेकरू आवाज करतं, खोकतं, तोंड लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, जीभ पुढे येते आणि घास बाहेर पडतो. ही शरीराची राखण आहे. लहानपणी ती जागा जिभेवर बरीच पुढे असते, चावायची सवय होईल तशी मागे सरकते. अशा वेळी आपण किंचाळून लेकराला उचललं, पाठीत धपाटे घातले, तोंडात बोट घातलं की त्याला कळतं ते एवढंच, की घट्ट अन्न म्हणजे संकट. शांत बसा, त्याच्याकडे बघत राहा, त्याचं त्याला काढू द्या.

घास खरोखर अडकतो तेव्हा आवाज बंद होतो. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात. तिथे एक मिनिटही घालवू नका. वर्षाच्या वरचं लेकरू असेल तर पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच जोरकस थापा मारा. निघालं नाही तर मागून धरून, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं पाच झटके द्या. पुन्हा थापा, पुन्हा झटके. वर्षाच्या आतलं असेल तर पोट दाबायचं नाही. हातावर पालथं धरून डोकं खाली ठेवून पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच दाब. घास दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नका, तो आणखी खोल जातो. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा. लेकरू निपचित पडलं तर छातीवर दाब आणि श्वास द्यावा लागतो, ते वाचून येत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात कुणाला तरी विचारून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. झटके देऊन घास निघाला तरी नंतर डॉक्टरला दाखवायचं.

आजी, तुमचा पापुद्रा शंभर टक्के मान्य. चावून चारायचं मात्र नको. आपल्या तोंडातले दात किडवणारे जंतू लेकराच्या तोंडात जातात.

हिंगोलीची_आजी
बरं बाबा, ते नाही सांगणार आता कुणाला. माझे तिन्ही लेकरं बत्तीशीसकट आहेत, पण तू डाक्टर हायस.

धाराशिवची_सून
डॉक्टरांना एक विचारायचं होतं. आमच्याकडं पुढच्या महिन्यात बोरन्हाण आहे. दीड वर्षाच्या मुलीच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या, सगळं ओततात आणि पोरं गोळा करून तिथंच तोंडात घालतात. चालतं का?

दवाखान्यातून (परभणी)
कार्यक्रम करा, यादी बदला. मुरमुरे, बत्तासे, फुलांच्या पाकळ्या ओता. अख्खी बोरं, शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या, उसाचे करवे आणि जेलीच्या डब्या चार वर्षांच्या आतल्या लेकरापासून लांबच बऱ्या. शेंगदाणा घशाऐवजी श्वासनळीत गेला तर कधीकधी त्या क्षणी काहीच कळत नाही, चार दिवसांनी एका बाजूच्या फुफ्फुसाला सूज आलेली घेऊन लोक येतात. कूट करून कालवणात घातलेला शेंगदाणा उत्तम, अख्खा दाणा नाही. द्राक्ष उभं चिरून चार फोडी. बालाघाटच्या सीताफळाचा गर द्या, बिया तुम्ही काढून. आणि धावत-पळत, खेळता खेळता, पडल्या पडल्या खायला देऊ नका. खाली बसून, पाठ सरळ, कुणीतरी समोर.

मांजराकाठ (अंबाजोगाई)
वेळ अमावस्येच्या भज्जीबद्दलही हेच. आम्ही शेतात पोरांना भज्जी आणि आंबील देतोच. पण त्यातला वाटाणा आणि हरभरा बोटानं दाबून साल काढून द्या. बाजरीचा उंडा भज्जीत चांगला मुरू द्या, कोरडा घशाला चिकटतो.

सोयाबीन_कधी_विकू (बीड)
चमच्याचं कुणीच बोलेना. आम्ही ऑनलाइन तळाला चिकटणारी वाटी आणि वाकडा रबरी चमचा मागवला. पोरानं पहिल्याच दिवशी वाटी ओढून उपटली, आणि चमचा कुत्र्याच्या पिल्लाला आवडला.

पैठणकर_मावशी
मी अंगणवाडीत बरीच वर्षं काम केलंय, आता घरी असते. चमच्याचं सांगते.

चुकतं काय, आपण चमचा देतो आणि समोर वरण ठेवतो. लेकरू चमचा मुठीत आवळून धरतं, पालथी मूठ. वाटीत घालून वर आणेपर्यंत मनगट फिरतं आणि वरण मांडीवर. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चमचा फेकून देतं. मनगट नेमकं वळवणं ही पुढची गोष्ट आहे. म्हणून आधी असं द्या जे चमचा उलटा केला तरी पडणार नाही. घट्ट कण्या, टांगलेलं दही, शिरा, घट्ट खिचडी, कुस्करलेलं केळ. यातलं काहीही चमच्याला चिकटून तोंडापर्यंत पोचतं. एकदा पोचलं की त्याला त्याचा अर्थ लागतो.

सुरुवातीला चमचा तुम्ही भरा आणि वाटीच्या काठावर ठेवा. उचलायचं त्यानं. दोन चमचे ठेवा, एक त्याच्या हातात, एक तुमच्याकडे. तो तोंडात घालेस्तोवर तुम्ही दुसरा भरून ठेवायचा. एक घास त्याचा, मधेच एखादा तुमचा. सगळं त्याच्यावर टाकलं तर लेकरू दमतं आणि अर्धपोटी उठतं, सगळं आपणच भरवलं तर शिकत नाही.

चमचा कसला? लांब दांड्याचा जेवायचा चमचा नको. मिठाच्या डब्यातला असतो तसा आखूड, जाड दांड्याचा, पसरट तोंडाचा. टोकाची धार बोटानं बघून घ्या. वाटी जड आणि रुंद बुडाची. जुनी काशाची ताटली असेल तर काढा, स्टीलची हलकी वाटी लगेच कलंडते. खाली जुनी साडी अंथरा, अंगातला सदरा काढा, आणि सांडणारच हे धरून चाला. पोटापर्यंत येईल असा पाट आणि पायाला टेकू मिळाला की हात स्थिर होतो. लोंबकळत्या पायांनी लेकरू खाण्यापेक्षा सावरण्यात गुंततं.

साधारण वर्षाचं झालं की चमच्याशी खेळू लागतं, दीड वर्षापर्यंत बहुतेक लेकरं सांडत-सांडत खातात, दोन वर्षांपर्यंत बऱ्यापैकी जमतं. तुमचा वाटी वाजवतो, म्हणजे चमचा हातात धरणं त्याला जमलंय.

पुसदहून_जालन्याला
एक शंका. आपण भाकरी-भाजी हातानंच खातो. मग चमच्याचा एवढा आटापिटा कशाला? हातानं जेवू द्या की.

पैठणकर_मावशी
हातानं तर द्याच, तेच पहिलं. कण्या हातानं खाताना बोटाला किती गरम, किती चिकट ते कळतं, घास चिमटीत धरणं येतं. चमचा त्याच्या जोडीला आहे. पुढे अंगणवाडीत, शाळेत खिचडी ताटलीत येते, तेव्हा स्वतःचं स्वतः खाता आलं पाहिजे. तिथे तीस पोरांना एक सेविका आणि एक मदतनीस असते, भरवणार कोण? काट्याच्या चमच्याची मात्र घाई नको, दोन वर्षांनंतर बोथट टोकाचा दिला तरी चालतो, आणि नाही दिला तरी काही अडत नाही.

आणि बाटली सोडवा. वर्षानंतर लहान फुलपात्रात घोटभर पाणी घालून त्याच्या दोन्ही हातांत द्या. भरून दिलं तर अंगावर ओतून घेणारच.

शाळूची_भाकर (लातूर)
सगळ्यांचे आभार. रवीनं सुरुवात केलीय. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, पण ओकारी आली नाही. सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. घास अडकल्यावरचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि मग म्हणाल्या, आण त्याला इकडं, मी घोटते.

पण एक अडचण आहे. घट्ट दिलं की कमी खातो. आधी वाटीभर संपवायचा, आता अर्धी वाटी.

पैठणकर_मावशी
काळजी करू नका. पातळ वाटीभर म्हणजे निम्मं पाणी होतं. घट्ट अर्ध्या वाटीत त्याच्याइतकंच किंवा जास्त पोटात जातं. मला सगळ्यात राग येतो तो वरणाच्या पाण्याचा. वरचं निवळलेलं पाणी लेकराला आणि खालची डाळ मोठ्यांना! डाळ घोटून द्या, वर चमचाभर तूप किंवा तेल, कूट घाला. बारा महिन्यांपुढे दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मधे एक-दोन वेळा खाऊ. जवळच्या अंगणवाडीत नाव घातलं नसेल तर घाला, सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना घरी न्यायचा आहार मिळतो आणि वजन नोंदवतात. दर महिन्याला वजनाची रेघ वर जातेय ना एवढं बघा, वाटी मोजू नका.

दवाखान्यातून (परभणी)
दूध किती पितो? ते विचारायचं राहिलं.

शाळूची_भाकर (लातूर)
म्हशीचं, दिवसाला लिटरच्या जवळपास. आणि सकाळी आजोबांच्या बशीतला चहा-बिस्कीट.

दवाखान्यातून (परभणी)
सापडलं. लिटरभर दूध पोटात असताना भूक कुठून लागणार? वर्षानंतर वरचं दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, आणि जेवणाआधी देऊ नका. अंगावर पीत असेल तर ते चालू राहू द्या, दोन वर्षं आणि पुढेही. दुधात लोह नगण्य असतं आणि चहा तर जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, त्यामुळे आजोबांची बशी बंद. मेथी, डाळ, बाजरी, अंडं, मटण खात असाल तर बारीक खिम्यासारखं करून, आणि वर लिंबू पिळा. लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा सरकारी कार्यक्रमातून मिळतं, आशाताईंना विचारा. पाच रुपयांचे तिखट-खारट पुडे नकोत, त्यानं पोट भरतं आणि दुसरं काही होत नाही.

मोबाईलबद्दल तुम्ही आधी लिहिलं होतं. दोन वर्षांच्या आत जेवताना पडदा नकोच. बघता बघता लेकरू गिळतं, चावत नाही, आणि पोट भरल्याचंही त्याला कळत नाही. त्यानं तोंड फिरवलं की जेवण संपलं, मागे लागू नका. अर्ध्या तासात ताट उचला.

कुणाचं लेकरू दीड वर्षानंतरही सगळं घट्ट अन्न नाकारत असेल, प्रत्येक जेवणात खोकत-ठसकत असेल, किंवा वजन वाढत नसेल तर धाग्यावर न विचारता तपासून घ्या.

सोयाबीन_कधी_विकू (बीड)
आमच्या म्हाताऱ्यानं बशी द्यायचं बंद केलं तर पोरगं त्याच्याशी बोलायचं बंद करील. असो, कण्या जमल्या. तळाला लागल्या नाहीत, आजी.

धाराशिवची_सून
शेवटचा प्रश्न, म्हणजे माझा. मुलगी चमचा डाव्या हातात धरते. घरात सगळे काढून उजव्यात देतात, मग ती फेकते. काय करावं?

दवाखान्यातून (परभणी)
डाव्यातच राहू द्या. दीड वर्षाला कुठला हात पुढे होणार हे पक्कं नसतं, दोन ते चार वर्षांत ठरतं. चमचा ताटाच्या मधोमध ठेवा, ज्या हातानं उचलेल तो तिचा.

हिंगोलीची_आजी
माझा मधला डावराच आहे. पंगतीत उजवीकडच्याला कोपर लागतं म्हणून त्याला कडंला बसवतो, बाकी काही नाही.